थेंबाची परीक्षा

किसुमूच्या सरकारी दवाखान्यात, खोली नंबर सहा.
खिडकीतून सरोवर दिसत नाही,
वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा वास तेवढा येतो.

अकेयो नवीन. कोटाच्या बाह्या अजून कडक.
तिनं अल्ट्रासाउंडचं डोकं उलटं धरलं, तोंड छताकडे,
त्यावर ठेवला पाण्याचा एक थेंब
आणि बटण फिरवलं.
"थरथरला पाहिजे, मॅडम. उकळल्यासारखा.
थंडच, पण उकळल्यासारखा."

थेंब बसून राहिला.
आकडा एक. दीड. दोन.
थेंबात फक्त ट्यूबलाइट, तीही स्थिर.

यंत्राच्या पाठीवर तपासणीचं स्टिकर,
सहा वर्षांपूर्वीची सही, शाई उडालेली.

किती महिने?
कोणाला विचारणार.
हा आवाज माणसाच्या कानाचा नाहीच,
म्हणून त्यावर विश्वास ठेवावा लागतो
किंवा थेंब ठेवावा लागतो.

मला सगळं पाठ होतं.
एक मेगाहर्ट्झ खोल उतरतो, तीन वरच्या वर विरतो.
जेल कमी पडलं, हवेची फट राहिली,
की लाट आल्या पावली परत.
डोकं एका जागी थांबवायचं नाही,
हाडाच्या सालीला आतून चटका बसतो;
"आत कुठंतरी ठणकतंय" असं कोणी म्हणालं
तर तो भित्रेपणा नाही, तो इशारा.
कर्करोगाच्या गाठीवर नाही. डोळ्यांवर नाही.
पोटुशीच्या कमरेवर नाही,
आणि पोटुशी आहेस का, हे नवऱ्यासमोर विचारायचं नाही.
हे शेवटचं पुस्तकात नव्हतं.
थेंबाचं पान पुस्तकात होतं.
सर म्हणाले होते, ते घरी वाचा.

बाहेर बाकावर म्झे ओगुतू. मंगळवारचे.
चाळीस वर्षं जाळी ओढून उजवा खांदा गेलेला.
हात कानापर्यंत जात नव्हता,
आता स्वतःची टोपी स्वतः काढतात.
"तुझ्या मशीननं," असं सगळ्या बाकाला सांगतात.

आठ-आठ मिनिटं मी गोल गोल फिरवत होते
एक गार धातू.
"ऊब लागतेय?"
"लागतेय थोडी."

आत बोलावलं. दार लोटलं. सांगितलं.
ते टोपीकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"दर खेपेचे दोनशे शिलिंग, पोरी,
ते कशाचे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी त्यांना भिंतीपाशी नेलं, रोजच्यासारखं.
बोटं भिंतीवर चढू लागली, खेकड्यासारखी तिरकी,
पेन्सिलीच्या जुन्या खुणा ओलांडत,
मागच्या मंगळवारच्या वर दोन बोटं.
तिथे थांबली. थरथरली.
मी खूण केली, खाली तारीख घातली.
"पुढच्या खेपेला पैसे आणू नका," म्हटलं.
"मग येऊ कशाला?" ते म्हणाले,
रागानं की थट्टेनं, कळलं नाही.

अकेयो कागदावर मोठ्या अक्षरात 'बंद' लिहीत होती.
चिकटपट्टी सापडेना.
धातूवरचा थेंब अजून तसाच होता.
तिनं तो कडक बाहीनं पुसला.