पाचव्या घरातली तिसरी पत्ती

कवळी छान बसली, खळदकर म्हणाले.
भाकरी चावते. शेंगदाणेसुद्धा.
फक्त म खाली येत नाही.

कोण म?

त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला,
रुमालातून माउथ ऑर्गन.
पीएमटीत एकतीस वर्षं तिकिटं फाडली,
स्वारगेट डेपोच्या ऑर्केस्ट्रात दर गणपतीत हाच वाजवला.
पाचव्या घरात श्वास आत ओढला: म.
पूर्वी तो जरासा वाकायचा गंधाराकडे,
ठेंगण्या दारातून आत येताना उंच माणूस वाकतो तेवढा.
आता ताठ.
जीभ घसरते, म्हणाले,
तुमचा टाळू फार गुळगुळीत.

बावीस वर्षं रविवार पेठेत,
तराजूवाल्याच्या वरच्या मजल्यावर
मी लोकांची रिकामी तोंडं भरून देते.
टाळूविषयी ही पहिलीच तक्रार.
खरवडून देऊ? विचारलं.
नको, भाकरी अडकेल.
मग बाजाच ठेवून जा.

गुरुवारी वीज नसते. ड्रिल गप्प.
खिडकीपाशी बसून खिळे उपसले, पितळी पाटी उचलली.
लाकडी फणीत वर्षानुवर्षांची तंबाखू
आणि तिकिटाचा एक गुलाबी कपटा, पंधरा पैशांचा.

एकेका घरात दोघी:
एक फुंकरीची, एक श्वासाची.
वाकते ती वरच्या सुराची, पण एकटी नाही वाकत.
शेजारी गप्प बसलेली खालची तिला ओढून घेते,
आणि किती वाकायचं
ते दोघींमधल्या अंतरावर.
तिसऱ्या घरात ऐसपैस जागा, नि पार धैवताच्याही खाली उतरतो.
पाचव्यात ग आणि म भिंतीला भिंत लावून.
कवळी नव्हती तेव्हाही
खळदकरांचा म फार लांब गेलेला नसणार.

हे त्यांना सांगितलं नाही.

बुधवारी जुन्या बाजारात साठ रुपयांना एक मुका बाजा मिळाला.
त्यातली पत्ती काढली, घासली.
टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो.
मला रिषभ हवा होता.
चढला, उतरला, परत चढला,
शेवटी टोकावर गुलाबी मेणाचा ठिपका ठेवला,
ज्या मेणात मी दात उभे करते त्याच मेणाचा.
पाचव्या घराला मागून खिडकी पाडली,
तिथे हिला बसवलं.
फुंकर आली तर हिने बोलायचं नाही
म्हणून झडप,
दात भरताना मधे सरकवतात त्या पारदर्शक पट्टीची.

पहिल्या गुरुवारी बाटलीत माशी अडकल्यासारखी गुणगुण.
दुसऱ्या गुरुवारी हवाच गळाली. खळदकरांनी चहा घेतला,
काही बोलले नाहीत, बशी मात्र विसळून ठेवली.
तिसऱ्या गुरुवारी
त्यांनी श्वास ओढला
आणि म निघाला,
ग ओलांडला, कोमल ग वर आला,
तिथे थांबेल असं वाटलं तर थोडा आणखी,
जिन्यात दिवा नसताना
पायरी संपली की नाही हे पाय चाचपतो
तसा.

तराजूवाल्याचा पोऱ्या वर बघायला आला.

खळदकरांनी बाजा तोंडातून काढला,
कवळी अंगठ्याने दाबून नीट बसवली.
जरा जास्तच उतरतो, म्हणाले.
मेण काढू?
राहू द्या. इतकी वर्षं तिथे गेलो नव्हतो,
सवय व्हायला वेळ लागेल.

पावती द्या म्हणाले. सवय, कंडक्टरची.
माझ्या पावतीबुकात दोनच रकाने, वरचा जबडा, खालचा जबडा.
मी पेन धरून बसले असतानाच
वीज आली, आणि बंद करायचं राहिलेलं ड्रिल
आपोआप किणकिणायला लागलं.
खळदकर दारात थबकले, मान तिरपी करून ऐकलं.
पंचम, म्हणाले. थोडा चढा आहे.
आणि मग, जोडे घालता घालता,
ह्याला नाही का वाकवता येणार?