अशील आजारी

लघुवाद न्यायालयाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याखाली
रद्द झालेल्या कायद्याची जाड जिल्द.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप करतोय,
पानाला वीस रुपये, कार्बन धरून.

ती आली दुपारच्या सुट्टीत.
मथुरा कोंडविलकर, माझगावला पिठाची गिरणी होती.
'होती' तिनंच म्हटलं.
फाईलची फीत सोडली तेव्हा
गाठीतलं थोडं पीठ सांडलं
माझ्या 'ळ'च्या कळीवर.

"वकिलावर दावा लावता येतो का हो?"
डॉक्टरला विचारतात तशा आवाजात,
गाठ कसली आहे म्हणून.

मी वकील नाही, बाई. कान आहेत, एवढंच.
हरलात म्हणून नाही लावता येत.
दोघांत एक हरतोच.
सल्ला चुकला, तर म्हणतील मत होतं त्याचं,
मत चुकतं माणसाचं.
पण तारखेला उभाच राहिला नाही?
"चार वेळा."
अपिलाची मुदत?
"ती संपल्यावर कळलं, की ती होती."

मी कागद चढवला.

ग्राहक मंचाकडे नका जाऊ,
वरच्या कोर्टानं ते दार लावून घेतलंय.
बार कौन्सिलला तक्रार करा. सनदेवर येईल कदाचित,
गिरणी परत येणार नाही.
भरपाईला दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांच्या आत,
आणि त्यात सिद्ध करायचं
की तो उभा राहिला असता
तर तुम्ही जिंकला असता.

"म्हणजे जो चाललाच नाही, तो खटला आता चालवायचा?"
हो. दाव्याच्या पोटात दावा.
"आणि तो चालवायला?"
वकील लागेल.

ती हसली. मग मीही.
झेरॉक्सवाला काच पुसायचा थांबला.

मग तिनं अर्जांच्या नकला पुढे केल्या.
चष्मा घरी राहिलाय, म्हणाली, वाचा तुम्हीच.
अशील आजारी, सबब पुढील तारीख मिळावी.
पुढचा कागद. अशील आजारी.
पुढचा.
"मी कधी आजारी होते?
चारही दिवशी वर होते मी, बाकावर, डबा घेऊन.
शिरगोपीकर वकील म्हणाले, आज नंबर लागत नाही,
जा तुम्ही."

'आजारी'तल्या 'जा'वर माझं बोट थांबलं.
काना किंचित वर उडालेला.
या फुटपाथवर एकच यंत्र
काना असा मारतं.

त्यांचा पोरगा चिठ्ठी आणायचा,
नेहमीचंच, फक्त नाव बदला.
मी नाव बदलायचो.
किती धडधाकट माणसं आजारी पाडली असतील मी
वीस-वीस रुपयांत,
आणि कधी विचारलं नाही, बरी झाली का.

तक्रार तीन पानी झाली.
तिनं सांगितली तशीच लिहिली, पदरचा शब्द नाही घातला.
फी दिली त्याच्या पावत्या नाहीत, हेही लिहिलं.
दोन पावत्या आहेत, गिरणीच्या वहीच्या कागदावर,
त्या जोडल्या.
मग आलं: साक्षीदारांची यादी.
"कोण देणार साक्ष?" ती म्हणाली. "सोडा ते कोरं."

कोरं सोडायची सवय आहे मला.
नोटरीची जागा, तारखेची जागा, सहीची.

गाडी डावीकडे ओढली.
एकतीस वर्षांत या कळांवर
कधी न आलेलं नाव,
बोटं चुकली दोनदा, खोडरबर लावलं.
गजानन विरकुड, टंकलेखक, वय अठ्ठावन्न.
त्यातलाही 'जा' तसाच उडाला.

झेरॉक्सवाल्याचा चष्मा मागून तिनं कागद डोळ्यांजवळ नेला.
"हे कोण?"

खाली पंख्याच्या वाऱ्यानं
पीठ कळांमध्ये आणखी आत जात होतं.
साठ रुपये झाले, मी म्हणालो,
आणि सांगायला लागलो.