लाभ, दोन, तीन

तुर्भ्याला थंडी असते
हे बाहेरच्यांना पटत नाही.
जानेवारीत पामबीचवर लोक हौसेने स्वेटर घालतात
आणि नऊच्या उन्हात कमरेला बांधतात.
आमच्याकडे वजा अठरा.
बाराही महिने, तिन्ही त्रिकाळ.
मटार, कोळंबी, मक्याचे दाणे,
आणि ऐन मे महिन्यात
मिशांवर दहिवर घेऊन बाहेर येणारी माणसं.

पेटीची जागा परदेशी साहेबांनी ठरवली:
बर्फखोलीच्या दाराला लागून असलेली भिंत.
तिथे एक खिळा रिकामा होता, एवढंच कारण.
बंद पडू पाहणाऱ्या काळजाला झटका देणारं यंत्र,
कोपऱ्यात काजव्याएवढा हिरवा दिवा.
उद्घाटनाला पेढे वाटले.
पुस्तिका कोणी उघडली नाही.

मी उघडली. रात्रपाळीत वाचायला दुसरं असतं काय,
गाड्यांचे नंबर आणि तापमान.
पान नऊ: शून्याच्या खाली ठेवू नये.
बॅटरी सुस्तावते,
पॅडवरचा चिकट थर कातडीला धरत नाही.
मी त्या भिंतीला थर्मामीटर टांगला.
दार बंद, चार. दार उघडं, वजा सहा.
माल भरताना दार उघडंच असतं, आणि माल रात्रभर भरतात.
तिसऱ्या आठवड्यात काजवा विझला,
पेटी पालीसारखी चुकचुकू लागली.

बॅटरी, पॅड नवे मागवले आणि पेटी माझ्या केबिनमध्ये आणली,
किटलीपासून चार हात लांब, दारातून दिसेल अशी.
साहेब म्हणाले, हेमांगीबाई,
भिंत बदलायला लेखी परवानगी लागते.
माणसाला पडायला लागत नाही,
असं मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, अर्ज देते.

दिवाळे गावचे गोमा तांडेल, आमचे वॉचमन,
रात्री पेटीवर स्वतःची कानटोपी चढवायचे.
काका, काढा, दिवा दिसला पाहिजे.
ते म्हणायचे, पोर उघडं झोपलंय असं वाटतं, गो.

आत्माराम डिगे तीन वाजून दहा मिनिटांनी
मटाराच्या खोलीतून बाहेर आला,
पॅलेटवर टेकला,
आणि टेकलेला तसाच कलंडला.

ओल्या फरशीवरून ओढून त्याला
कोरड्या पुठ्ठ्यावर घेतला. गोमाकाकांनी १०८ लावला.
सर्जेराव पानस्करने दोन्ही तळवे छातीवर रोवले
आणि मोजायला लागला.
एक म्हणाला नाही.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत बाजारात.
लाभ, दोन, तीन, चार,
तीसपर्यंत, आणि पुन्हा लाभ.
मी खोके कापायच्या सुरीने जॅकेट फाडलं,
खाली स्वेटर, खाली बंडी,
खाली बर्फाच्या वाफेने भिजलेली छाती.
काकांच्या मफलरने ती पुसली, खसाखसा, भांडं पुसावं तशी.

पॅड पहिल्याच दाबात धरले.
यंत्र इंग्रजीत बोलत होतं, बाईच्या आवाजात, घाई न करता.
मी तेच मराठीत ओरडत होते:
हात काढा. कोणी शिवू नका. दूर.
बटण.
आत्माराम एकदा उचलल्यासारखा झाला.
मग सर्जेराव पुन्हा, लाभ, दोन,
आणि सतराला की अठराला
खालून कोणीतरी कण्हलं.

आत्माराम आता हलक्या कामावर आहे, पावत्या लावतो.
फाडलेल्या जॅकेटचे साडेसातशे
त्याच्या पगारातून कापले.
तो मला हसून सांगतो, ताई, शिवणीवर फाडायचं होतं.

नवे पॅड यायला अकरा दिवस लागले.
पेटी जागेवर, आत काही नाही.
त्या अकरा रात्री मी रजिस्टरात
तापमानाच्या रकान्याशेजारी लिहीत गेले, पॅड नाहीत,
आणि बर्फखोलीचं दार उघडलं
की आत गेलेली माणसं मोजायचे.
बाहेर येताना पुन्हा मोजायचे,
लाभापासून.

जुना खिळा अजून त्या भिंतीत आहे.
त्याच्यावर बोटभर बर्फ चढतो.