माशी कुठे शिंकली

हॉफोर्सला नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
टेबलावर एक कडी आलीय, परत,
बोथनियाच्या किनाऱ्यावरच्या कागद गिरणीतून.
सतरा वर्षं तिच्यावर रोलर धावले.
आतल्या अंगाला नखाएवढी खपली निघालीय.
सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ:
माशी कुठे शिंकली, कळवा.

एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम,
बाकी लोखंड,
आणि त्या बाकीत जे नसावं ते.
आम्हाला पगार मिळतो तो या नसण्याचा.
वितळल्या पोलादावर निर्वात पोकळी धरून
त्याचा श्वास काढून घेतात,
दहा लाखांत प्राणवायूचे पाच भाग उरेपर्यंत.
तेव्हा दहा चालायचे.

मी काप घेतला, घासला,
हिऱ्याच्या भुकटीनं त्याचा आरसा केला.
ॲसिडचा थेंब, सात सेकंद.
आणि भिंगाखाली,
पृष्ठभागापासून दोन-तीन केसांच्या खोलीवर,
पांढरं फुलपाखरू.
धंद्यात त्याला हेच नाव आहे.
दोन पंख, मधे अंगाच्या जागी
ॲल्युमिनाचा कण, चौदा मायक्रॉन.
फेरीमागून फेरी सगळा भार त्याच्यावरून गेला
आणि त्याला पंख फुटले.

हीट नंबरवरून जुनं रजिस्टर काढलं.
रात्रपाळी. सही: वेइको कार्प्पिनेन.
आडनावाचं पहिलं अक्षर
कुणाला तरी लाथ मारल्यासारखं.
ते वडील असंच काढतात,
माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही होतं.

अहवालात लिहिलं: कणाचा उगम सांगता येत नाही.
खरंच नाही येत.
भट्टीची वीट असेल, मळीचा शिंतोडा असेल,
किंवा पहाटे तीनला
माणसाच्या डोळ्यांवर येते ती झापड.

रविवारी त्यांच्याकडे गेले.
भट्टीनं कान खाल्लेत, ओरडून बोलावं लागतं.
दातांत साखरेचा खडा धरून
बशीतून कॉफी ओढत होते, त्यांच्या आईसारखी.
सांगितलं.
फुलपाखराचं नाही, फक्त कडी गेल्याचं.
खडा विरघळेपर्यंत गप्प.

मग: "किती फिरली?"
"नव्वद कोटी फेऱ्या! जवळजवळ!"
बोटांवर काहीतरी मोजायला लागले,
मधेच सोडून दिलं.
"बशीत अजून घाल," म्हणाले,
"आणि ओरडू नकोस.
एवढं ऐकू येतं मला."