जास्तीचा हात

मंडळीला शंभर वर्षं होतायत, म्हणून
स्मरणिकेसाठी जुनी दप्तरं माझ्या घरी आली.
पाळक म्हणाले, चांगलं तेवढं घ्या.
कसर लागलेली पानं, डांबरगोळ्यांचा वास,
घंटेची वर्गणी, छपराची कौलं,
आणि मग जानेवारीतला एक रविवार
शमुवेल चिटणिसांच्या टाकाने कोरलेला:

“परिचारिका सुवार्ता समुद्रे, वय सव्वीस.
पाप कबूल. पुरुषाचे नाव सांगत नाही.
एक वर्ष प्रभुभोजन बंद. बसणे मागल्या बाकावर.
हजर सभासद, जिचा विचार चालला ती सोडून, एकसष्ट.
बाजूने हात बासष्ट.
विरुद्ध कोणी नाही.”

बासष्ट.

मी नऊ वर्षांची होते.
पंचगंगेपलीकडे गुऱ्हाळं पेटलेली,
चिपाडाची काजळी उडत खिडकीतून आत यायची
आणि पांढऱ्या पातळांवर बसायची.
पुसली की पसरते, म्हणून बायका फुंकर घालायच्या.
मी आईच्या खांद्यावर फुंकर घालत होते
तेव्हा अमोलिक वडील उठले.
दगड मारायला आलेल्यांचा उतारा
त्या दिवशी वाचला नाही.
दहा आज्ञा वाचल्या, सातवी दोनदा.

ती पेटीजवळ उभी होती.
छातीवर दवाखान्याचं घड्याळ, उलटं टाचलेलं.
आम्हाला उलटं.
तिला मान खाली घातली की सुलटं दिसायचं,
आणि तिची मान खालीच होती.
पुढच्या तीन रांगांतली निम्मी पोरं
जगात आल्यावर पहिल्यांदा तिच्याच हातात रडलेली.
माझा भाऊसुद्धा. तो तेव्हा बाकाचं लाकूड चाटत होता.

“ज्यांना मान्य असेल त्यांनी...”

सगळीकडून हात वर गेले.
आईचा गेला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.
मी पण केला.
का, ते सांगता येत नाही.
बाकावर माझ्याएवढी दुसरी कुणी नव्हती, आणि
सगळे उंच झाले होते एकदम.
फ्रॉकची बाही काखेत काचली, एवढं आठवतं.

मग वर्षभर ती दाराशी,
जिथे कापशीच्या चपला काढून ठेवतात तिथे.
द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक
तिच्या अलीकडच्या बाकावरून परत फिरायचं.
रात्री मात्र कंदील घेऊन माणसं तिच्याच दाराशी.
अमोलिकांची सून अडली तेव्हा
वडील स्वतः गेले होते, अनवाणी.
दप्तरात हे नाही.

चाळीस वर्षं मला खात्री होती
की हिशेबातली ती चूक मी आहे.
परवा एस्तेरकाकूंना विचारलं.
नव्वदी पार, दात नाहीत, पण आठवण चिवट.
“तुजा न्हाई गं मोजला,” म्हणाल्या,
“तू आईच्या पदराआड, टाचा उचलून.
तिनंच केलता वर. सुवार्तानं.
नर्सांच्या शाळंत बोलायच्या आधी हात वर करायचा,
ती सवय.
काय तरी सांगायचं हुतं तिला.
शमुवेल चष्म्यावरनं बघितला
आन् मोजून मोकळा झाला.”

काय सांगायचं होतं?
काकूंनी तोंड पुसलं. “कुणी इचारलं?”

तो हात माझाच असावा असं अजून वाटतं मला.
माझा असला तर पोर होते, सुटले.
तिचा असला तर
बासष्टावा हात अजून वरच आहे,
आणि खाली घे म्हणायला
आता कोण उरलंय?

त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने,
कुणाचं अक्षर ते कळत नाही:
बेरीज तपासावी.

त्याच्या खाली, पुन्हा टाकाने:
घंटेची नवी दोरी, साडेतीन रुपये.