भिंतीची मागची बाजू

गाडी आज चाळीस मिनिटं लेट,
म्हणजे वेळेवरच.
तळोधीच्या फलाटावर बाकडं एक,
त्यावर कुणीतरी अंबाडीची जुडी ठेवून गेलंय जागा धरून.
आम्ही तिघीजणी जुडीचा मान राखून उभ्या.

मूलच्या राइस मिलवर, काट्यापाशी, मी पावत्या फाडते.
अकरा वर्षं झाली.
ओळखपत्रावरचा फोटो अजून लग्नाआधीचा.
टीसी कोहपरे फोटो बघतात, मग मला बघतात,
आणि सभ्यपणे काहीच बोलत नाहीत.

सुटल्यावर डावीकडे नाला, मग बोडी,
बोडीत कालचेच दोन बगळे,
आणि मग आमचं घर.
पुढून नाही, मागून.
रुळाकडची ती भिंत
घरात राहून कधी दिसत नाही,
तिकडे ना दार ना खिडकी.
आतल्या अंगाला खिळ्यावर नवऱ्याचा शर्ट,
पोरीचा पाढ्यांचा तक्ता, पालीची एक ठरलेली जागा.
बाहेरच्या अंगाला राज्य.

मागल्या खेपेला पिवळ्यावर निळं होतं:
उद्याचा सूर्य तुमच्या दारात.
त्या बाजूला दार नाही, सांगितलंच,
आणि ती बाजू पश्चिम.
रंगवणारा पोरगा घामाघूम झाला होता,
मी त्याला पाणी दिलं,
त्यानं उरलेल्या निळ्यानं आमची बादली रंगवून दिली.

यंदा दुसरे आले.
विचारायलाही कुणी थांबलं नाही.
चुन्याचा एक हात, वर हिरवं: आता बदल हवाच.
पण चुना पातळ.
दोन उन्हं खाल्ली आणि खालचं निळं वर आलं.
समोर बसलेल्या पर्वताबाई मडावी
अक्षर अक्षर लावत वाचतात,
गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही,
जे हाती लागलं ते जोडतात:
"आता... सूर्य... बदल हवाच."
डबा हसला.
मीही हसले. घर माझं आहे हे सांगितलं नाही.

आलेवाहीला भजी.
कागद उलगडला तर बातमी:
बैल बँकेत शिरला, कुणाला न दुखवता
तीन तास रांगेत उभा राहिला, शेवटी शाखाधिकाऱ्यांनी
आणि तिथेच कागद फाटलेला.
शेवटी काय?
राजोलीचे रेवनाथभाऊ म्हणाले, "केवायसी कराले गेला असंन."
कुणी म्हणालं, चारा दिला असेल,
कुणी म्हणालं, उद्या या म्हणाले असतील.
कॉलेजातल्या पोरानं मोबाईलवर शोधलं,
पण सिंदेवाहीपर्यंत रेंज नाही,
आणि सिंदेवाहीला तो उतरला.

कागदाच्या पाठीमागे पानभर जाहिरात,
हात जोडलेले, दात मोजून घ्यावेत असे.
भज्याचं तेल पसरत गेलं
तसा साहेबांच्या कपाळातून बैल दिसू लागला,
आधी शिंगं, मग रांग.
मी कागद घडी करून पिशवीत टाकला,
का ते माहीत नाही.
दिवसभर पावत्या फाडताना वाटत राहिलं,
तीन तास. आणि कुणाला न दुखवता.

परतीची गाडी अंधारात येते.
डब्यांचा उजेड आमच्या भिंतीवरून सरकत जातो,
एका वेळी दोन अक्षरं,
आत स्टीलच्या ताटल्या किणकिणतात
आणि पोर भाताखालचा जाळ वाढवते,
तिला कळतं मी कुठवर आले.

सासऱ्यांना आता नीट दिसत नाही.
पाय धुवून आत आले की रोजचा प्रश्न,
"आज कोन हाय व आपल्या घरावर?"
"दोघंबी हायेत, मामाजी. एकाच्या आतून दुसरा दिसते."
त्यांनी मागे हात नेऊन भिंत चाचपली, आतूनच.
"मंग जाड झाली असंन," म्हणाले.
"यंदा थंडी कमी लागंन."