एडना नंबर चार

महिन्याच्या चौथ्या मंगळवारी लेलँड नॉर्डक्विस्ट येतो,
पायपुसण्यावर बूट तीनदा घासतो
आणि वही माझ्या टेबलावर ठेवतो.
टाकीत काठी बुडवून त्याने इंच मोजलेले असतात,
इंचांची पिंपं मी करते.
ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनिया. माझा धंदा एवढाच.

देशाच्या तक्त्यात पाच विभाग.
पूर्व किनारा, म्हणजे आम्ही,
नाव सगळ्यांत वर, आकडा सगळ्यांत बारीक,
पंगतीत पहिल्या पाटावर बसवलेलं काटकुळं पोर.
तक्ता हजार पिंपांच्या खाली बघत नाही.
आखातात किती वाढलं, डाकोटात किती गोठलं,
बातम्या तिकडच्या.
सांगलीचा मावसभाऊ फोनवर विचारतो,
"घटलं का गं तुमचं या महिन्यात?"
जसं काही माझं वजन.

फेब्रुवारीत सगळ्यांचंच घटतं.
लेलँड म्हणतो, घट कसली, दिवस कमी.
विहिरीला कॅलेंडर कोण वाचून दाखवणार?

त्याच्या विहिरींना बायकांची नावं आहेत.
रूथ चढते-उतरते, हिल्मा रुसते,
थंडीत दोघी पार आटतात.
एडना नंबर चार मात्र नऊ पिंपं.
बर्फाच्या डिसेंबरात नऊ,
वीज आठवडाभर गेली त्या ऑगस्टात नऊ,
अठ्ठावीस दिवसांचीही नऊ.
आणि रूथ, आता नीट पाहिलं तर,
दर वेळी असायला हवी त्याहून
साधारण नऊने कमी.

एका रविवारी मी गाडी काढली.
टेकडीमागे, मेपलांच्या आत, एडना उभी होती.
घाण्याचा बैल सोडून न्यावा
आणि जू तेवढं राहावं, तशी.
पट्टा काढून ठेवलेला.
गिअरच्या खोबणीत रॉबिनचं घरटं, त्यात दोन अंडी.
भोवतीचं गवत नुकतं कापलेलं,
लोखंडाला ताजा हिरवा रंग,
बोट लावलं तर बोटाला आला.

विहीर वर्षभर कोरडी दिसली
की राज्य पत्र पाठवतं:
सिमेंट ओता, बुजवा, नाव खोडा.

एडना कोण, मी विचारलं नाही.
सोमवारी नऊ लिहिले.
खाली रेघ मारून बेरीज केली,
बेरीज बरोबर आली.
एक थेंबही जास्त नाही, एक थेंबही कमी नाही.
पूर्व किनारा: बदल नाही.

पुढच्या चौथ्या मंगळवारी तो आला.
बूट तीनदा घासले, मग चौथ्यांदा.
त्या वाटेवरच्या चिखलात
माझ्या गाडीचे टायर त्याने ओळखले असावेत.
वही उघडून माझ्याकडे सरकवली.
एडना नंबर चार: आठ पिंपं, काही इंच वर.

"जरा घट आहे," तो म्हणाला,
खिडकीबाहेर बघत.
"होते," मी म्हटलं,
"मे महिन्यात होते कधी कधी."
आणि अंगठ्यावरचा हिरवा डाग
वहीखाली लपवला.